जयकुमारभाईंची परवानगी

आमच्या नीरजला नाही म्हणायला कोणी शिकवलंच नाही, आणि लग्नानंतर मीही त्यात कमी पडले, असं माझी आई म्हणते. तिला काय जातंय म्हणायला! त्याच्याशी वाद घालून बघावा एकदा.

त्याने नोकरी सोडली तेव्हा आमचं नीट ठरलं होतं. तो डबे करणाऱ्यांना सल्ला देणार. कुठे घोळ होतो, कुठे माल वाया जातो ते त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शोधणार. असं दहा ठिकाणी बसलं की सगळ्यांचं एकाच जागी काय अडतं ते कळतं, म्हणाला. त्यावर आपण एक वस्तू बनवायची, स्वतःची, आणि तीच सगळ्यांना विकायची. तोवर घर माझ्या पगारावर. मी हो म्हटलं, कारण मलाही ते हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओट्यापाशी उभं राहून का काढायचं?

पहिलं काम मिळालं शांती नगरात, जयकुमारभाईंकडे. त्यांचे डबे पार पूनम सागरपर्यंत जातात. आमच्या भागात एका मजल्यावर चार दारं आणि चार घरांचे चार नेम. कोणाची चतुर्थी, कोणाचा श्रावण, कोणाला चातुर्मासात बटाटासुद्धा चालत नाही. जयकुमारभाईंकडे रोज संध्याकाळी दोन बायका फोन घेऊन बसायच्या, उद्या काय चालेल ते घरोघर विचारायला. तरी एकदा एका जैन आजींच्या डब्यात बटाट्याची भाजी गेलीच. त्या दिवसभर काही जेवल्या नाहीत. नीरजला ते फार लागलं.

मग पूनम सागरला हिनाबेनकडे तेच दिसलं, गोडदेवला दुर्गाताईंकडेही तेच. एक दिवस घरी येऊन चप्पल न काढताच म्हणाला, "उर्मिला, सापडलं." फोनवर चालणारी साधी गोष्ट, एक ॲप. संध्याकाळी गिऱ्हाइकाला आपणहून विचारायचं, सणवार बघायचे आणि सकाळी प्रत्येक डब्याची चिठ्ठी काढून द्यायची. त्याने ती जमेल तशी बनवलीही. हिनाबेन आणि दुर्गाताई दोघी मागे लागल्या, कधी देतोस म्हणून. इतक्या आनंदात मी त्याला आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

आणि मग म्हणाला, "आधी जयकुमारभाईंना विचारतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कशाला विचारायचं? तर म्हणे, पहिल्यांदा त्यांच्याकडे दिसलं, त्यांनी मला घरात घेतलं, जेवू घातलं, त्यांच्या घरचंच मी बाहेर कसं विकू? मी म्हटलं, मग डॉक्टरने ताप आधी ज्याच्या अंगात बघितला त्याची परवानगी घेत फिरावं का? हसला फक्त. आणि गेला, मलाही घेऊन.

जयकुमारभाईंनी दालबाटी वाढली. ह्याने ताटावर बसून सगळं सांगितलं. किती वाजता विचारायचं, उत्तर आलं नाही तर काय करायचं, सगळं. शेजारी त्यांचा मुलगा भूपेश जेवत होता. तो मधूनमधून चांगले प्रश्न विचारत होता. मी टेबलाखालून नीरजचा पाय दाबला, त्याने पाय बाजूला घेतला.

जयकुमारभाई म्हणाले, "नीरजभाई, आप तो घर के आदमी हो. दिवाली निकल जाने दो, बैठ के बात करते हैं."

दिवाळी गेली. मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, मग डब्यांचा धंदा वाढवायचं निघालं. प्रत्येक वेळी 'बैठते हैं'. तोवर नीरजने कामाला हात लावला नाही. हिनाबेनना थांबा म्हणाला, दुर्गाताईंना थांबा म्हणाला. मी भांडले, रडले, अबोला धरला. विचारलंय ना, मग उत्तर यायच्या आधी कसं करू, एवढंच त्याचं म्हणणं. मला त्याचा राग यायचा, आणि हा असा आहे म्हणूनच मी त्याच्याशी लग्न केलं हेही आठवायचं.

होळीनंतर बोलावणं आलं. भूपेशने तीच गोष्ट एका कंपनीकडून बनवून घेतली होती, सगळ्या डबेवाल्यांना विकायला, आणि तिचं उद्घाटन होतं. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. भूपेश माईकवर म्हणाला, हे सगळं नीरजभाईंनी शिकवलं. नीरजला शाल आणि श्रीफळ दिलं. जयकुमारभाईंनी त्याला मिठी मारली, त्यांचे डोळे भरून आले होते. त्या माणसाला खरंच वाटत होतं की हे त्यांच्या ओट्यावर जन्मलं म्हणजे त्यांचंच आहे. आणि ते त्यांना कोणी पटवलं होतं? आमच्याच शहाण्याने. मागे हिनाबेन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

परतताना रिक्षात नीरज शालीची घडी मांडीवर घेऊन बसला होता. मी ठरवलं होतं की आज सोडायचं नाही. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

तोच आधी बोलला. "भूपेशने बोलावलंय. एकेका डबेवाल्याकडे जाऊन ते बसवून द्यायला. मी हो म्हटलं."

"का रे?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कंपनीने घाईत केलंय. जैन गिऱ्हाइकांचं चुकतंय त्यात," तो म्हणाला. "ते कसं चालायला हवं ते मलाच माहीत आहे ना."

मग मला भांडता आलं नाही. मी त्याचा हात धरला आणि घर येईपर्यंत रडत राहिले.