तांब्याच्या तारेतली किल्ली

मित्रांनो, ज्यांच्या खिशात माझी चार वर्षं गेली त्यांनीही मला कधी ओळखलं नाही, मग तुम्ही कुठून ओळखणार! मी मोटारीची किल्ली आहे, आता जुनी झालेली. पण कपाटाच्या किल्लीसारखी नुसती लोखंडाची पट्टी नव्हे. माझ्या काळ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे दाराची बटणं, ती चपट्या गोल सेलवर चालतात. दुसरी तांदळाएवढी चीप, तिला सेल लागतच नाही. मला गाडीत घातलं की ही चीप गाडीला सांगते, ही आपलीच आहे, चालू हो. गाडीला ते ऐकू आलं नाही तर मला दिवसभर फिरवा, इंजिन धरणार नाही. एवढं साधं आहे सगळं.

कारखान्यातून आम्ही दोघी जुळ्या बहिणी एकाच गाडीसाठी बाहेर पडलो. पहिली पाच वर्षं पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सुखात गेली. मग त्यांनी गाडी विकली आणि आम्ही सोलापुरात, शुक्रवार पेठेत, श्रीमंत नावाच्या गृहस्थांकडे आलो. त्यांचं टॉवेलचं दुकान. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कौतुक संपलं. माझी बहीण कपाटात साड्यांखाली गेली आणि मी खिशात, तंबाखूच्या डबीशेजारी. दोनदा बादलीत पडले. बटण दबलं नाही की मला टेबलावर आपटायचे. दुरुस्तीचा तेवढाच एक प्रकार त्यांना येत होता.

त्या घरात मला नीट धरणारी एकच व्यक्ती होती, श्रीमंतांची बायको विजयमाला. अडतिसाव्या वर्षी ती गाडी शिकली. तिचं माहेर नातेपुत्याकडचं, मेंढरं राखणारं. शेळ्यामेंढ्यांना लस टोचण्याचं शिक्षण तिनं घेतलं होतं आणि माढ्याच्या एका संस्थेत तिला काम मिळालं होतं. अट एकच होती. लशीची पेटी घेऊन खेड्यापाड्यांत फिरायचं, तेव्हा गाडी स्वतःची हवी. सोमवारी सकाळी दहा वाजता गाडीसह हजर व्हायचं. त्या आठवड्यात ती मला रोज पदरानं पुसायची. मला तर लाजल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी सासरे आबासाहेब गावाकडच्या देवळातून आले. सून एकटी मोठ्या रस्त्यानं गाडी नेणार म्हणून म्हातारा धास्तावला होता. राखण म्हणून त्यांनी देवापुढची तांब्याची तार आणली होती. ती त्यांनी माझ्या डोक्याभोवती नऊ वेढे घालून आवळली आणि टोकं पिळून घट्ट केली. हेतू चांगला होता हो, पण माझा गळाच बसला. अशी धातूची वेटोळी डोक्याभोवती आली की चीपचा आवाज गाडीपर्यंत पोचत नाही. मी आतून ओरडत होते आणि गाडी बहिऱ्यासारखी उभी होती.

शनिवारी विजयमालानं सरावासाठी गाडी काढायला घेतली. बटण दाबलं, दार उघडलं. किल्ली फिरवली, इंजिन नुसतं घरघरलं, धरेना. समोर काचेखाली किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता. श्रीमंत पायऱ्या उतरून आले ते ओरडतच.

"बाईच्या हातात दिली, झालं वाटुळं! काय दाबलंस?"

"काय बी न्हाय दाबलं. अवो, ह्यो दिवा बगा की. किल्लीचं चित्र हाय त्याच्यात."

"तू गप. दोन म्हयनं झालं न्हाईत शिकून, मला दिवं दावतीय!"

गल्लीतला मेकॅनिक मडिवाळप्पा आला. त्यानं बॅटरी तपासली, चांगली निघाली. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून पाहिली, काही फरक नाही. पेट्रोलची नळी सोडली, परत जोडली. विजयमाला म्हणाली, "किल्लीतच दोष आसंल तर?" मडिवाळप्पानं माझं बटण दाबलं, दारं खाटकन लागली. "किल्ली चांगली हाय की वैनी," तो म्हणाला आणि हसला. मित्रांनो, माझे दोन भाग वेगळे आहेत हे मी आत्ताच तुम्हाला सांगितलं. तुम्ही लहान आहात, तरी तुम्हाला समजलं.

रविवारी श्रीमंतांनी गल्लीतले सहा लोक गोळा करून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली आणि परत आणली. विजयमालानं गाडीच्या खणातलं पुस्तक काढून वाचलं. त्यात त्या लाल दिव्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, दुसरी किल्ली लावून पाहा. तिनं ते पान नवऱ्यापुढं धरलं.

"कपाटातली दुसरी लावून बगूया की. दोन मिन्टाचं काम हाय."

"एक बिगडवलीस, आता दुसरी बी बिगडवायची हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. रात्रभर ते पुस्तक तिच्या उशाशी होतं.

सोमवारी दहा वाजता तिनं माढ्याला फोन करून दुपारपर्यंत मुदत मागितली. बारापर्यंत थांबतो, संस्थेचे लोक म्हणाले. श्रीमंत दुकानात निघून गेले होते, कुलपाची चावी खिशात घालून. बारा वाजायला आले तरी ते परतले नाहीत, तेव्हा ती आबासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, कपाट उगडायचंय."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. मग उठून पकडीनं कुलूप तोडलं. एवढी हिंमत मी त्या घरात पहिल्यांदा पाहिली.

माझी बहीण साड्यांखालून निघाली आणि पहिल्याच फेरीत गाडी सुरू झाली. विजयमालानं गाडी बंद केली. मला लावलं, लाल दिवा. मग दोघींना एका तळहातावर घेऊन ती बघत बसली. आमच्यात वेगळं एकच होतं. तिनं पकडीनं तार सोडवली, वेढ्यामागून वेढा. मला परत लावलं आणि माझा आवाज गाडीला ऐकू गेला. इंजिन सुरू झालं. मित्रांनो, मला रडू येत असतं तर मी रडले असते.

आबासाहेब दारात उभे होते. तिच्या हातातली तार त्यांनी पाहिली.

"तुज्यासाटीच बांदली हुती गं पोरी."

"ठावं हाय मला, मामा."

मग तिनं फोन लावला. साडेबारा झाले होते. दुसरी बाई स्वतःची गाडी घेऊन हजर झाली होती, तिला पेटी दिली होती. विजयमाला "बरं" म्हणाली आणि फोन खाली ठेवला. संध्याकाळी श्रीमंत आले. कुलूप पाहून तणतणले, पण तार सोडवल्यावर गाडी चालू झाल्याचं कळलं तसे ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथून त्यांचा आवाज आला. ते मडिवाळप्पाला सांगत होते, "मला पयल्यापास्नं वाटत हुतं, किल्लीतच खोट हाय."

मित्रांनो, शेवटी मला जपा, पुसा, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. मी म्हणणार नाही. माझ्यावाचून जग अडत नाही. पण घरात एखादी वस्तू बंद पडली तर जो तिच्याजवळ उभा असेल त्याच्यावर ओरडू नका. आणि तो काही सांगत असेल तर दोन मिनिटं ऐका. शनिवारी ती दोन मिनिटं कुणी दिली असती तर ती बाई आज माढ्याच्या एखाद्या वाडीत शेळ्यांना लस टोचत असती. मला या माणसांचा राग आहे आणि तो जाणार नाही.

मंगळवारी सकाळी श्रीमंतांनी मला स्वयंपाकघरात आणून परातीशेजारी ठेवलं. स्वर मोठा उदार होता.

"घे. आता ने की गाडी, कुटं जायाचं तितं."

विजयमाला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"आता कुटं जाऊ?" ती म्हणाली.