नावाड्याचा सिनेमा आणि मी

मित्रांनो, माझ्या अंगावर निळ्या रंगाचे सात डाग आहेत, माझी खालची कड पिवळी पडली आहे आणि एका कोपऱ्याला उंदरांनी दात लावले आहेत. असा मी एक म्हातारा पडदा आहे. खिडकीचा नव्हे, दाराचाही नव्हे; सिनेमाचा. मात्र ज्यांची नावे तुमच्या कानावर कधी पडली नसतील, असे सिनेमे मी अंगावर घेतले. ते आमच्याच गावातल्या माणसांनी केले होते आणि आमच्याच गावातल्या माणसांनी पाहिले.

माझा जन्म एका शिवणयंत्राखाली झाला. यंत्र मावशींचे होते. त्या शाळेचे गणवेश शिवत. त्यांचा भाचा घड्याळे दुरुस्त करी, म्हणून सगळे त्या भाच्याला घड्याळजी म्हणत. दुकान बंद करणाऱ्या एका छायाचित्रकाराचा जुना कॅमेरा घड्याळजींनी घेतला होता. तो त्यांनी चिमट्याने आणि सुईएवढ्या पेचकसाने उघडला, पुसला, जोडला आणि चालू केला. मग एके दिवशी ते मावशींकडे आले.

"मावशी, मला एक पडदा शिवून दे."

"किती खिडक्या?"

"खिडक्या नाही गं. एक भिंत."

मावशींनी चष्म्याच्या वरून पाहिले. "अख्खी भिंत? असं काय आहे रे त्या भिंतीवर लपवण्यासारखं?"

पण सगळे समजल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. जाड मांजरपाट आणला, पुढे आटू नये म्हणून दोनदा धुऊन वाळवला. तीन पट्टे एकमेकांना जोडले, शिवणी नखाने दाबून सपाट केल्या, मागून काळे अस्तर लावले. वर आणि खाली नळी सरकवायला जागा ठेवली. एवढे करूनही दोन उभ्या शिवणी राहिल्याच. पहिल्याच सिनेमात दवाखान्यातले कंपाउंडर नायक होते आणि शिवण बरोबर त्यांच्या नाकावरून गेली. "अरे, नाकाला टाका घातलाय!" कुणीतरी ओरडले आणि सगळी खोली हसली. तेव्हापासून चित्रीकरण करतानाच घड्याळजी सांगू लागले, "जरा डावीकडे सरका, तिथे शिवण आहे." मोकळ्या माळावर उभा असलेला माणूस शिवण शोधत इकडे तिकडे बघत राही.

आमचे खेळ वाचनालयात होत. रविवारी दुपारी तीन वाजता, वाचनालय बंद असताना. खिडक्यांवर घोंगड्या टांगायच्या, बाके ओळीने लावायची आणि प्रोजेक्टर चार जाडजूड शब्दकोशांवर ठेवायचा. चित्र खाली गेले की आणखी एक शब्दकोश. मला स्वतःला सिनेमा कधीच नीट दिसला नाही, जशी तुम्हाला तुमची पाठ दिसत नाही. पण समोरच्या बाकांवरचे चेहरे दिसत आणि त्यांच्यावरून मला सगळे समजे.

वाचनालयाच्या किल्ल्या वहिनींकडे असत. त्या तिथे कामाला होत्या आणि साऱ्या गावात 'शू-वहिनी' म्हणून ठाऊक होत्या. कुणी वर्तमानपत्राचे पान जरा जोरात उलटले तरी त्या ओठांवर बोट ठेवून "शू!" करीत. त्यांचे यजमान अगदी उलट. ते टपाल वाटत. टपालदादांनी गल्लीच्या तोंडाशी "टपाऽऽल!" अशी हाक दिली की शेवटच्या घरातली माणसे दाराशी येत. या जोडप्याला पाहून मावशी म्हणत, "दोघांचा मिळून आवाज बरोबर एका माणसाएवढा होतो."

असा आवाज हाताशी असताना घड्याळजी स्वस्थ कसे बसतील? त्यांनी एका नावाड्याची गोष्ट लिहिली. नदीवर पूल बांधला जातो, नाव बंद होते, आणि जन्मभर उतारूंशी गप्पा मारणारा नावाडी शेवटच्या दिवशी रिकाम्या नावेशी बोलतो. नावाडी अर्थात टपालदादा. दोन वर्षे रविवारमागून रविवार चित्रीकरण चालले. आमचा कॅमेरा मुका होता, म्हणून बोलणे वेगळे, टेपवर घ्यावे लागे. ते घड्याळजींच्या दुकानात घेतले. टिकटिक टेपवर येऊ नये म्हणून त्या दुपारी दुकानातली झाडून सारी घड्याळे थांबवली होती. नंतर ती पुन्हा लावताना घड्याळजींच्या नाकी नऊ आले, असे ते स्वतःच सांगत.

टेप तयार झाली, आणि तीन महिन्यांत टपालदादांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज गेला. कायमचा. ते टपाल वाटत राहिले, मात्र आता दाराची कडी वाजवून. खिशात एक वही आणि पेन्सिल आली. त्यांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, त्या टेपवर. वहिनी दिवस मोजत होत्या. सिनेमा लागेल त्या रविवारी तो त्यांना पुन्हा ऐकायला मिळणार होता.

तो रविवार उजाडला. घड्याळजी वहिनींकडून किल्ली घेऊन लवकर आले, मला टांगले आणि टेप लावून पाहिली. नुसती खरखर. त्यांनी ती उलटी केली, पुढे नेली, मागे आणली. खरखर. मग ते माझ्यासमोर जमिनीवरच बसले.

थोड्या वेळाने टपालदादा आणि वहिनी आले. वहिनी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या.

"भाऊजी, असे खाली का बसलात? बरं वाटत नाही का?"

घड्याळजींनी मान वर केली नाही. "वहिनी, माझ्या हातून फार वाईट झालं." मग ते सांगू लागले. घड्याळात चुंबकत्व शिरले की ते भलतेच पळू लागते. ते चुंबकत्व उतरवण्याचे एक छोटे यंत्र त्यांच्या दुकानात होते. शनिवारी त्यांनी त्यावर पाच-सहा घड्याळांचे चुंबकत्व उतरवले. टेप तिथेच, यंत्राला टेकून, एका फडक्याखाली होती. ते यंत्र टेपवरचा आवाजही उतरवते.

"म्हणजे यांचा आवाज…?"

"गेला. सगळा गेला. माझं लक्षच नव्हतं."

वहिनी भिंतीला टेकल्या. "दोनदा गेला मग," त्या हळू म्हणाल्या. "एकदा दवाखान्यात आणि एकदा तुमच्या दुकानात."

घड्याळजी ओंजळीत तोंड लपवून रडू लागले. मित्रांनो, मी अनेक सिनेमांत माणसे रडताना अंगावर घेतली आहेत. पण समोर बसून रडणाऱ्या त्या माणसापुढे मला नुसते लटकत राहणे नको झाले होते.

टपालदादांनी वही काढली. लिहिले आणि वहिनींपुढे धरले. वहिनींनी वाचले, "'लोक निघाले असतील. सिनेमा दाखव.'"

"मुका दाखवू, दादा?"

एव्हाना मावशी आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला. "मुका कशाला? बाकीची पात्रं येतीलच ना बघायला? आपापलं बोलतील. मला एक घमेलं पाणी द्या, वल्ह्यांचा आवाज मी काढते."

"आणि नावाड्याचं?" घड्याळजींनी विचारले.

मग वहिनी म्हणाल्या, "मला पाठ आहे."

"सगळं?"

"सहा महिने हे घरी घोकत होते, रोज भांडी घासताना ऐकलंय. नको नको म्हटलं तरी पाठ झालं."

तीन वाजता खोली भरली. घोंगड्या टांगल्या गेल्या. माझ्या एका बाजूला बाकीची पात्रे उभी राहिली, दुसऱ्या बाजूला वहिनी. मावशी माझ्या मागे घमेले घेऊन बसल्या. टपालदादा पहिल्या बाकावर. प्रकाश माझ्यावर पडला, नाव हलली, मावशींनी पाण्यात हात मारला आणि माझी खालची कड चिंब झाली. वहिनी बोलू लागल्या. पण जन्म गेलेला दुसऱ्यांना गप्प करण्यात. त्यांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जाईना.

मागून पेपरवाले आजोबा उठले. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे आणि सर्वांत जास्त 'शू' ऐकलेले. "वहिनी, मोठ्यानं बोला! आज कुणीही शू करणार नाही!"

खोलीत हशा पिकला. वहिनीही हसल्या. त्यांनी माझी कड मुठीत धरली, दीर्घ श्वास घेतला आणि नावाड्याचे पुढचे वाक्य असे काही म्हटले की खिडकीवरच्या घोंगड्यासुद्धा हलल्यासारख्या वाटल्या. त्या टपालदादांची नक्कल करीत नव्हत्या. आवाज बाईचाच होता. पण कुठे थांबायचे, कुठला शब्द ओढायचा, कुठे हसत हसत टोमणा मारायचा, ते सगळे टपालदादांचे होते. लोक हसले, चुकचुकले. हळूहळू वहिनी उभ्या आहेत हेच लोक विसरून गेले.

मग शेवट आला. रिकाम्या नावेतला. आणि वहिनी थांबल्या.

नावाड्याचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हते. वहिनींनी माझी कड इतकी घट्ट धरली की एक टाका उसवला. तो शेवटचा भाग त्यांनी कधी पुरता ऐकलाच नव्हता. तो सुरू झाला की रडू येई, म्हणून घरी घोकताना टपालदादा तिथवर आले की त्या अंगणात निघून जात.

टपालदादा उठले. पहिल्या बाकावरून येऊन ते वहिनींसमोर उभे राहिले, अगदी जवळ. प्रोजेक्टरच्या प्रकाशात त्यांचा अर्धा चेहरा उजळला होता. त्यांनी सावकाश ओठ हलवले. आवाज नव्हताच. वहिनी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि एकेक शब्द उचलून म्हणू लागल्या.

"बसा… बसा. आज सगळी जागा तुमचीच आहे. घाई कुणाला आहे? पूल काय, नेईल की पलीकडे. चांगला नेईल. पण पलीकडे कुणाकडे निघालात… हे कोण विचारणार तुम्हाला?"

चित्र केव्हाच पुढे गेले होते. नाव काठाला लागली, रीळ संपले, माझ्यावर नुसता पांढरा प्रकाश राहिला, तरी त्या दोघांचे चालूच होते. कुणी जागचे हलले नाही. घड्याळजींनी प्रोजेक्टर बंद केला नाही.

पुढे तो सिनेमा आम्ही अकरा वेळा दाखवला. शेजारच्या गावांनीही बोलावले. मला गुंडाळून टपालदादांच्या सायकलला बांधत. प्रत्येक वेळी वहिनी शेजारी उभ्या राहून बोलत आणि शेवटी टपालदादा उठून समोर येत. वहिनींना तोवर सारे पाठ झाले होते, तरी ते येतच. घड्याळजींनी आणखी पाच सिनेमे केले. ते दिवस आठवले की आजही माझ्या शिवणी ताणल्यासारख्या होतात.

पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. घरोघरी टीव्ही आले. रविवारी दुपारी बाके रिकामी राहू लागली. मावशी गेल्या. घड्याळजींची नजर अधू झाली, ते मुलीकडे राहायला गेले. मला कुणीतरी घाईने घडी घालून माळ्यावर टाकले. एकदा वाचनालयाला निळा रंग द्यायचा होता, तेव्हा रंगाऱ्यांनी कपाटे झाकायला मला काढले. ते सात डाग तेव्हाचे. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या लेखी मी एक मोठे फडके होतो. मी पडदा आहे, हे त्यांना सांगणारे माणूस तिथे उरले नव्हते. मित्रांनो, अडगळ काही एका दिवसात होत नाही. ओळखणारी माणसे एकेक करून कमी होतात.

मध्ये किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत. मग दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक ताई आली. तिने आणि तिच्या नणंदेने फोनवर सिनेमा केला होता आणि दाखवायला जागा हवी होती. "माळ्यावर काहीतरी पांढरं आहे, बघा चालतं का," असे तिला सांगण्यात आले. दोघींनी मला गच्चीवर नेऊन पाण्यात भिजवले, घासले. डाग काही निघाले नाहीत.

"नवा आणू या का?" नणंद म्हणाली.

"अगं, शिवण बघ ना किती छान दाबलीये," ताई म्हणाली. "डाग दिसू देत. आपल्या सिनेमात तरी कुठे सगळं स्वच्छ आहे?"

पहिल्या खेळाला नऊ माणसे आली. दुसऱ्याला वीस. तिसरा सिनेमा गेल्या महिन्यात लागला आणि त्यात आमच्या वहिनी होत्या! वय शहात्तर. टपालदादा जाऊन सहा वर्षे झाली होती. ताईने त्यांना एका हट्टी म्हातारीचे काम दिले होते. वहिनी पहिल्या ओळीत बसून स्वतःकडे पाहत होत्या, आणि स्वतःचा आवाज ऐकत होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच.

खेळ संपल्यावर त्यांनी ताईला हाताने जवळ बोलावले.

"बाई, माझा आवाज नीट आलाय ना?"

"अगदी खणखणीत, आजी."

"कुठे ठेवलायस?"

"माझ्या फोनमध्ये, घरच्या कॉम्प्युटरवर आणि एक नणंदेकडे."

"तीन ठिकाणी?" वहिनींनी बोटे मोजली. "मग हरकत नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या कापडाला जपणे फार अवघड नाही. घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, ओल लागू देऊ नका, एवढे पुरे. माणसांच्या बोलण्याला मात्र त्याहून जास्त जपावे लागते. तुमच्या घरात कुणी गोष्टी सांगणारे असेल, कुणी मोठ्याने हाका मारणारे असेल, तर त्यांना आजच समोर बसवा, बोलू द्या आणि ते बोलणे नोंदवून ठेवा. ते एकाच जागी ठेवून निर्धास्त राहू नका. आणि मग ते चार माणसांना ऐकवा. जागा नसेल तर वाचनालयात या. रविवारी दुपारी तीननंतर मी मोकळाच असतो.