खोटे खिसे

ऑपेराच्या कपडेखोलीत बावीस वर्षं एक नियम होता: पुरुषाचा कोट बाई घालणार असेल, तर खिसे खोटे. वरून नुसती पट्टी, आत काही नाही; कंबरेशी कोट फुगायला नको. नियम कपडे शिवणाऱ्या मावशींनीच केलेला, त्यामुळे तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

या हंगामात तरुण सरदाराची भूमिका एका नव्या गायिकेकडे आली. आवाज असा, की झाडूवालाही हातातला झाडू थांबवून ऐके. पण चालायला लागली की सरदार कुठल्या कुठे पळून जाई. मिशी लावून झाली, खांदे भरून झाले, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दिग्दर्शकाने सरळ सांगितलं, "आजच्या तालमीत पुरुष दिसला नाही, तर उद्यापासून कोरसमध्ये."

दुपारी ती कोट घालून कपडेखोलीत मुकाट बसली. मावशींना तिची दया आली, पण ती दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"ऊठ. चालून दाखव."

पाय ठीक होते. घोळ हातांचा होता. ते बिचारे कोटावर जागा शोधत फिरायचे आणि तसेच परत यायचे.

"हात कुठे ठेवू, मावशी?"

मावशींना स्वतःचाच राग आला. घरी पस्तीस वर्षं पोस्टमन नवरा नांदवला, आता निवृत्त; त्याचा डावा हात खिशाबाहेर निघे तो फक्त पत्रं वाटायला. आणि आपण बावीस वर्षं पोरींचे खिसे शिवून बंद करत बसलो.

त्यांनी पट्टी उसवली, आत अस्तराची खोल पिशवी शिवली आणि घरच्या किल्ल्यांचा जुडगा तीत टाकला.

"चालताना वाजव. आणि घाई करू नकोस. पत्र आज नाही तर उद्या पोचेल, असं चाल."

तालमीत सरदार आला. डावा हात खिशात, किल्ल्या हळू वाजताहेत, मान किंचित पुढे. प्रेयसीच्या खिडकीखाली तो असा रेंगाळला, की दिग्दर्शकाने तोंडातली पेन्सिल काढली.

"उद्या वेळेवर या, सरदार," तो म्हणाला. मावशींनी पडद्याआड डोळे पुसले.

मावशींचा नवरा रोज चारला फेरफटका आटोपून किल्ल्या न्यायला येई. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"किल्ल्या दे."

"सरदाराकडे आहेत."

त्याने रंगमंचावर अजून रेंगाळणाऱ्या सरदाराकडे बराच वेळ बघितलं.

"हा पोरगा ओळखीचा वाटतो गं."

"वाटणारच. माझ्या बापाच्या दारात असाच उभा राहायचा. पत्र नसलं तरी."

सवयीने त्याचा डावा हात खिशात गेला. तिथे मावशींचा हात आधीच पोचला होता.