टॅगवरचं साल

रेजिनाबाईंनी अस्वलाच्या कानाला लटकलेला पुठ्ठ्याचा टॅग कात्रीत धरला, तशी स्वप्नाने पुढे होऊन त्यांचं मनगट पकडलं.

“आंटी, थांबा. टॅगच कापला तर उरलं काय?”

“अगं, वस्तू देताना नीट करून द्यावी. किती वर्षं लोंबतोय तो.”

सांडोरच्या वाडीत बाईंचा जन्म गेला. भाजीची जुडीसुद्धा त्या पिवळी पानं काढूनच देत. स्वप्ना आली होती बोळिंजहून. जुनी सॉफ्ट टॉईज पारखून ती हौशी लोकांना विकायची. कानातला टॅग आणि शेपटीशी शिवलेली पट्टी, दोन्ही जागेवर असतील तरच खेळण्याला मोल, असं तिने समजावलं. बाईंनी कात्री बाजूला ठेवली खरी, पण मोलाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांना खेळण्यांची ती पेटी घरातून गेलेली हवी होती.

खेळणी नवऱ्याने, गॅब्रिएलने, आणलेली. तो बोटीवर नोकरीला होता. सफरीहून आला की लेकीसाठी, प्रिस्कासाठी, बॅगेतून एखादा प्राणी निघायचा. अठ्ठ्याण्णव साली तापाचं निमित्त झालं आणि सहा वर्षांची पोर गेली. मातीनंतर आठव्या दिवशी गॅब्रिएल बोटीवर रुजू झाला. डोळ्यांत टिपूस नाही. बाईंनी ते मनात धरलं ते धरलंच. पुढे दोघं एका छपराखाली राहिली, इतकंच. पेटी त्याने माळ्यावर टाकली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. गेल्या वर्षी तोही गेला, तेव्हा किल्ली त्याच्या कपाटात सापडली.

स्वप्ना पट्ट्यांवरची सालं वाचत फरशीवर रांग लावत होती.

“चौदा झाली, आंटी.”

“नऊ असतील. नऊच होती. मीच झटकून कपाटावर मांडायचे.”

“मोजा ना तुम्ही. हे कासव दोन हजार सालचं, हा ससा दोन हजार एकचा. ही शेवटची पाच सगळी अठ्ठ्याण्णवनंतरचीच.”

“छापताना चुकलं असेल.”

“एखाद्यावर चुकेल. पाचांवर कसं चुकेल? छापलेल्या सालानंतर खेळणं विकलं जाऊ शकतं. आधी नाही.”

बाईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी त्या खाली मांडी घालून बसल्या. चष्मा लावून त्यांनी पाचही टॅग एकेक करून उघडले. नव्व्याण्णवपासून दोन हजार तीनपर्यंत, वर्षाला एक. दोन हजार तीनलाच गॅब्रिएलने बोट सोडली होती.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“दगड म्हणायचे मी त्याला,” त्या म्हणाल्या. “जेवायला वाढताना, येता-जाता. त्याने एका शब्दाने सांगायचं तरी.”

आणि त्या रडल्या. तोंडाला पदर न लावता, परक्या मुलीसमोर. स्वप्नाने पाणी आणून दिलं.

“आंटी, राहू दे सगळं. मी काही नेत नाही.”

“नाही गं, ने.” बाईंनी नाक पुसलं आणि नऊ खेळणी एकेक करून तिच्याकडे सरकवली. “ही प्रिस्काची. कुणाच्या तरी घरी नांदू देत.”

“आणि ही पाच?”

“ती तिच्या बापाची. ती इथंच राहतील.”