बोललं ते घडलं

पहिल्याच रविवारी भाची आमच्या खेळात मेली, आणि मेल्यावर तिनं विचारलं, "मामा, परत कधी बसायचं?"

मी कुलूपवाला. दुकानामागच्या खोलीत ज्या टेबलावर एरवी किल्ल्या घासतो, तिथंच रविवारी दुपारी आमचा डाव बसतो. मी एक जग सांगतो: पडका किल्ला, त्याखालची भुयारं आणि भुयारांत राहणारी भुतावळ. बाकीचे एकेक माणूस बनून त्यात शिरतात. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, गरज पडली की फासे टाकायचे. खेळ माझ्या तरुणपणचा, नकाशाही तेव्हाचाच, आणि दयामाया औषधालाही नाही. भाचीची पहिली लढवय्यी ऐटीत तलवार उपसून किल्ल्यात शिरली. पायाखालची पहिलीच फळी मोडली, बाई खालच्या सुळ्यांवर पडली आणि आरपार झाली. तिची ताकद-हत्यारं लिहिलेला कागद मी टरकन फाडला. पुढच्या रविवारी भाचीनं तलवारीऐवजी दहा फुटी काठी घेतली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक फळी ठोकून मगच पाय टाकते.

तिच्याबरोबर दवाखान्यातला एक्सरेवाला येतो आणि कपडे आल्टर करणारी शिंपीण येते. तिघंही पंचविशीच्या आसपासचे. यांच्या फोनवर खेळ पडलेत ढीगभर. तिथं मेलं तरी झटकून उठता येतं. मग हे माझ्या खाटीकखान्यात कशाला येतात, ते मला कळेना. एकदा चिडून विचारलंच, "तुम्हाला मरायची एवढी हौस का रे?"

"मामा, तिकडं आम्हाला कुणी मरूच देत नाही," एक्सरेवाला म्हणाला. "सारखं कडेवर घेतल्यासारखं वाटतं. इथं वाचलो तर आपल्या अकलेनं वाचलो."

"आणि पळून गेलं तरी कुणी नावं ठेवत नाही," शिंपीण म्हणाली.

सगळे गेल्यावर कप विसळताना भाची बोलली. "तिथं मार कशाबद्दल बसला तेच कळायचं नाही, मामा. मीठ कमी पडलं तरी बसायचा, बरोबर पडलं तरी बसायचा. इथं फासे सगळ्यांसमोर पडतात."

तिथं म्हणजे सासरी. तिचा नवरा टायरच्या दुकानात चाकं उतरवतो. हाताला जोर भारी, आणि तो जोर घरी येऊन काढायचा. त्या दिवशी मला त्याला जिवंत गाडावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

आमच्या टेबलावर एक नियम काळ्या दगडावरची रेघ आहे: बोललं ते घडलं. "मी दार उघडते" म्हणालात की दार उघडलं. मग "अहो नाही, थांबा" चालत नाही. भाची त्यावर एकदा हसत म्हणाली, "म्हणजे चूक माझीच. दोनदा त्याचं घर सोडलं, आणि दोन्ही वेळा उंबऱ्यात सवयीनं 'येते' म्हणून बसले. गेलेच की परत!" आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, तिच्या आईनं लहानपणापासून तेच घोकून घेतलं होतं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र ती अक्षरही न बोलता निघाली होती आणि माझ्याकडं राहायला आली होती; तिचा पहिला डाव त्यानंतरचा. तो तिला ओढून न्यायला येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कधी, तेवढं ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी भुयारात रक्ताचा सडा पडला होता. शिंपिणीचा भालाईत दाराआडच्या कुऱ्हाडीनं कमरेत दुभंगला. एक्सरेवाल्यानं दोन पहारेकरी तेल ओतून पेटवले. तिसरा हात जोडून गयावया करायला लागला, तेव्हा भाची थंडपणे म्हणाली, "मी गळा चिरते." बोललं ते घडलं. रक्त कुठवर उडालं, घरघर किती वेळ चालली, मी काही हातचं राखलं नाही. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पुढं काय आहे?"

"लोखंडी दार."

"मी दाराला कान लावते."

धाड. धाड.

आता मला टेबलाला खालून गुडघा मारून आवाज काढायची खोड आहे. एक्सरेवाला खूश झाला. "मामा, जबरदस्त!"

पुन्हा धाड झालं. शिंपिणीनं हौसेनं किंकाळीही मारली. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. माझे गुडघे जागेवर होते. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती थाप तिच्या ओळखीची होती.

दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. तो वाकून आत शिरला होता आणि मधल्या दारावर लाथा घालत होता. कडी माझ्या हातची, ती हलली नाही. पण फळी बाजारातली, ती तिसऱ्या लाथेला फुटली. टायर उतरवायची लोखंडी टॉमी हातात घेऊन आमचे जावईबापू आत आले.

"चल," तो तिला म्हणाला. बाकीचे त्याच्या खिजगणतीत नव्हते.

मी हातोडा उचलला. उचलला एवढंच. टॉमी खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी टेबलासकट खाली गेलो. फासे माझ्या तोंडावर पडले.

मग आमच्या लोकांनी जी चूक केली ती जगात दुसरं कुणी करणार नाही. एक्सरेवाला त्याच्या पाठीमागं होता, संधी सोन्यासारखी होती, आणि हा शहाणा आधी मोठ्यानं म्हणाला, "मी मागून धरतो!" नियम म्हणजे नियम. तो वळला आणि टॉमी एक्सरेवाल्याच्या जबड्यावर बसली. दोन दात किल्ल्यांच्या खोक्यात जाऊन पडले.

त्यानं भाचीचे केस मुठीत धरले आणि तिला दाराकडं फरफटत नेलं. ती ओरडली नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं, खांद्यापेक्षाही.

"मी तेल ओतते!" शिंपीण किंचाळली. कुलपांत घालायच्या तेलाचा डबा तिनं त्याच्या पायांपुढं उपडा केला. हे ऐकून सावध होण्याइतका खेळ त्याला कुठं ठाऊक होता! पाय सरकला, तो पाठीवर आदळला आणि भाचीच्या केसांचा एक पुंजका त्याच्या मुठीत उपटून आला.

दारामागं शटर ओढायची लांब काठी असते, टोकाला लोखंडी आकडी. पोरं तिला दहाफुटी म्हणून चिडवतात. भाचीनं ती उचलली. काही बोलली नाही. टेबलावर असती तर न बोललेलं मी धरलंच नसतं. पहिला घाव टॉमी धरलेल्या हातावर, बोटं कडाकडा वाजली. दुसरा गुडघ्यावर. तिसरा त्याच गुडघ्यावर. तो तेलात सरपटत मागं, ती काठीचं अंतर राखून पुढं. शिकवल्याप्रमाणं ती त्याच्या हाताच्या टप्प्यात एकदाही गेली नाही.

दुकानात, शटरच्या खांबाशी, आकडी त्याच्या गळ्यावर टेकली.

"घाल!" मी आतून ओरडलो. "घाल गळ्यात!" खरं सांगतो, त्या क्षणी मला तेच हवं होतं.

आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती म्हणेल ते घडणार होतं. घटकेपूर्वी तिनं एकाचा गळा चिरला होता आणि पापणीही लवली नव्हती.

तिनं आकडी मागं घेतली.

तो खांबाला धरून उभा राहिला. हातातून, गुडघ्यातून रक्त गळत होतं. बाहेर शेजारचा लाँड्रीवाला कुणाला तरी फोनवर "पोलीस पाठवा, पोलीस!" म्हणून ओरडत होता. ते ऐकून तो शटरखाली वाकला आणि दात दाखवून म्हणाला, "येतो मी. बघच तू."

भाचीनं काठी परत त्याच्या गळ्यावर लावली. या वेळी रेटून. त्याचं डोकं खांबावर आपटलं.

"येतो नाही," ती म्हणाली. "जातो म्हण."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला. तिनं आणखी रेटलं. आकडीखाली रक्ताचा थेंब आला, मग ओघळ.

"जातो म्हण."

"जातो," तो म्हणाला.

"मोठ्यानं. मामांना ऐकू आलं पाहिजे."

"जातो!"

एक्सरेवाला फुटक्या तोंडानं, बोबडा बोबडा, पण नियमानं म्हणाला, "बोल्लं ते घल्लं."

तो लंगडत बाहेर पडला. भाचीनं त्याच काठीनं शटर खाली ओढलं.