पाहुण्यांपुरते हातमोजे

धुरपदाबाईला सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या कापड रंगवायच्या मिलमध्ये सगळे मासी म्हणत, अगदी शेठसुद्धा. रंगाचे ड्रम धुणाऱ्या बायका तिनेच धुळ्याकडून आणलेल्या. त्यांनी तोंड कधी उघडायचं नि कधी मिटायचं, हे तिच्या नजरेवर चाले. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शेठने तिला खुर्ची दिली, चहा पाजला. परदेशाशी नवा करार झालाय म्हणाला, आपलं कापड आता जकातीवाचून तिकडे जाईल. फक्त तिकडच्या दुकानांची एक बाई येऊन बघणार, आपण कामगारांचे हाल तर करत नाही ना.

सकाळी खोक्यातून निळे हातमोजे निघाले. संध्याकाळी परत करायचे, असं सुपरवायझर प्रवीणने बजावलं. बायका हात उलटेपालटे करून बघत बसल्या. धुरपदाबाईच्या सुनेचे, रंजनाचे, हात मात्र मोज्यात जाईनात. ड्रम धुवायच्या कॉस्टिक सोड्याने पार सुजले होते. प्रवीणने मोजा ओढून पाहिला तशी ती कळवळली. मग तो म्हणाला, मासी, हिला मागच्या गोदामात बसवा, पाहुणे गेले की बाहेर काढू.

काढू म्हणे. भंगार होती का ती?

धुरपदाबाईच्या अंगाची आग झाली. पण ऑर्डर गेली तर सगळ्या गल्लीच्या चुली विझतील, म्हणून तिने राग गिळला आणि सुनेला आपल्याच हाताने गोदामात बसवलं.

पाहुणीने दुभाषी पोरीमार्फत पहिलंच विचारलं, हे मोजे रोज मिळतात का? बायकांनी मासीकडे पाहिलं, मासीने शेठकडे. शेठ हसत उभा होता, दावणीची गाय दूध देणारच, असा.

तिथे धुरपदाबाईचं डोकं फिरलं. सरळ गोदामात जाऊन तिने सुनेचं मनगट धरलं. काम जाईल म्हणून रंजना मागे सरत होती.

"हात लपाडाले नही आनं तुले सुरतले मी. चाल."

ते हात पाहून पाहुणीचा चेहरा उतरला. तिने फोटो काढले आणि सांगितलं, अशा मिलचं कापड आम्हाला घेता येणार नाही. शेठ पांढराफटक पडला. बायकांत कुजबुज सुरू झाली, मासीने घात केला म्हणून.

धुरपदाबाई आता पाहुणीवर उलटली, मोडक्यातोडक्या हिंदीत.

"तू कापड नाकारून घरी जाशील. आम्ही काय खाऊ, तुझे फोटो? कापड घे. पण आधी या शेठला हिचे हात बरे करायला लाव. आणि पुढल्या खेपेला सांगून येऊ नको."

दुभाषी पोर अडखळली.

"सगळं सांग तिला. गाळू नको काही."

पाहुणीने सगळं वहीत लिहून घेतलं. मग वर विचारून कळवते म्हणाली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी प्रवीण रिकामं खोकं घेऊन फाटकात उभा राहिला. बायका पुन्हा मासीकडे बघायला लागल्या. तिने मोजे घातलेल्या हातानेच जेवणाचा डबा उचलला, रंजनाला पुढे घातलं आणि त्याच्या शेजारून निघून गेली. सकाळी कुजबुजलेल्या बायका तिच्या मागोमाग निघाल्या. खोकं रिकामंच राहिलं.