हसायचं नाही असं ठरलेलं घर

थोरली लेक त्याची, धाकटी तिची आणि घर भाड्याचं, असा त्यांचा दोन वर्षांचा संसार. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. धाकटी चार वर्षांची, कुणाच्याही मांडीवर बसणारी. थोरली बारा वर्षांची आणि नकला करण्यात पटाईत. शाळेतल्या बाई म्हणू नका, बापाचं शिंकणं म्हणू नका, तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. बाप पोट धरून हसायचा. सावत्र आई मात्र ढिम्म. थोरली तिला तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे इस्त्री. "चेहऱ्यावर सुरकुती म्हणून पडत नाही हिच्या!"

ते तिच्या कानावर आलं होतं. पण सांगणार काय? पंधराव्या वर्षापासून खळखळून हसू आलं की तिचे गुडघे मेणासारखे व्हायचे, मान लुळी पडायची. माहेरी म्हणायचे, नाटकं करते. दिवसाढवळ्या डोळा लागायचा, तर म्हणायचे, आळशांची राणी. मग ती न हसायला शिकली. कुणी विनोद सुरू केला की मनातल्या मनात काचांचे नंबर म्हणायची. उणे सव्वादोन, उणे अडीच, उणे पावणेतीन. लोकांचं हसून होईस्तोवर ती उणे सहापर्यंत पोचलेली असायची.

छत्तिसाव्या वर्षी दुकानात एका आजोबांनी नवा चष्मा उलटा घातला आणि म्हणाले, "पोरी, नंबर झकास आहे, पण तू उलटी का उभी आहेस?" ती काउंटरवरच कोसळली. तिथून डॉक्टर, डोक्याला तारा लावून झोपेची तपासणी आणि शेवटी एक नाव. नार्कोलेप्सी. आजार मेंदूचा, झोपेचा. हसण्यासरशी मिनिटभर अंगातलं बळ जातं, शुद्ध जात नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती रडली. एकवीस वर्षं ती नाटक करत नव्हती.

वाटलं, आता घरात तरी मोकळं होता येईल.

पण नवरा पडला लिफ्टवाला. बिघाड सापडला की आधी बंद ठेवायचं, बाकीचं मग. त्याने पोरींना समोर बसवलं. "आजपासून हिच्यासमोर थट्टामस्करी बंद. पडली, डोकं आपटलं म्हणजे?"

थोरली पांढरीफटक पडली. "म्हणजे माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही गं," ती म्हणाली. तोवर पोरगी उठून गेली होती.

घर शहाणं झालं. आतल्या खोलीत हशा पिकायचा आणि तिची चाहूल लागली की पाणी ओतल्यागत विझायचा. धाकटी, तिच्या पोटची पोर, तीसुद्धा तोंडावर दोन्ही हात दाबून धरायची. आजवर ती आपली आपण बाहेर राहत आली होती. आता सगळे मिळून, प्रेमाने, तिला बाहेर ठेवत होते. भांडायचं तरी कुणाशी?

एका रविवारी दुपारी नवरा कामावर गेलेला, धाकटी झोपलेली. थोरली आरशापुढे खालच्या मजल्यावरच्या काकू झाली होती. फोनवर अर्धा तास गप्पा मारून झाल्यावर काकूंच्या लक्षात येतं, की नंबर चुकलाय. दारात मावशी दिसली आणि पोरगी गप्प झाली.

मावशीने पलंगावरची गादी ओढून जमिनीवर टाकली आणि वर बसली. "आता कर. याहून खाली कुठे पडणार मी?"

"बाबा ओरडतील."

"बाबांना मी बघते."

"आणि तू मेलीस म्हणजे?"

"नाही मरत. डॉक्टरांना विचारलंय."

"खरंच विचारलंस?"

"हो. तेच हसले."

थोरलीने आधी नुसत्या ओठांनी सुरुवात केली. मग हाताचा फोन झाला, कमरेवर मूठ गेली. "अगं बाई, मुलगा झाला? कुणावर गेलाय? नाही हो, मला कुठली बहीण!"

मावशीने या वेळी नंबर मोजले नाहीत. हसू पोटातून वर आलं, जबडा सुटला, मान गेली, हात गेले. ती गादीवर कलंडली. डोळे मिटलेले, कान जागे.

"मावशी?"

आहे गं, इथेच आहे, असं तिला म्हणायचं होतं. जीभ हलेना. ही अंधारी जागा तिच्या चांगली ओळखीची होती. तिथे आजवर तिच्याशिवाय कुणीच आलं नव्हतं. मग गार बोटांनी तिची मान सरळ केली, खाली उशी सरकवली.

"ऐकू येतं ना तुला? येतं असं म्हणाले होते डॉक्टर."

शेजारी गादी दबली. आणि थोरली काकूंच्या आवाजात पुढे बोलू लागली, जरा कापऱ्या, जरा जास्तच मोठ्या आवाजात, "बरं, चुकीचा तर चुकीचा नंबर. जेवलात का तुम्ही?"